देवाची इच्छा कशी पारखावी: आठ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर होणाऱ्या चुका

नंदुरबार-नवापूर पट्ट्यातल्या घरगुती ख्रिस्ती प्रार्थना सभांना मी कित्येक वर्षं जाते. "ताई, प्रार्थना करा, देवाची इच्छा कळू द्या," असं म्हणत माणसं येतात. जरा खोदून विचारलं की कळतं, जमिनीचा इसार देऊन झालाय, मुलीकडच्यांना होकार गेलाय, नाहीतर सामान न्यायला टेम्पो ठरलाय. प्रार्थना उरलीय ती फक्त शिक्का मारण्यापुरती. दुसरी माणसं याच्या अगदी उलट. खुणेची वाट बघत वर्ष घालवतात, तोवर अर्जाची मुदत निघून जाते.

दोघांचाही विश्वास खरा असतो. चुकतो तो क्रम. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि वाचकांनी तो त्याच क्रमाने वापरावा, ही विनंती.

सोबत एक उदाहरण चालवते. नवापूर तालुक्यातलं एक जोडपं, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. भाऊंना सुरतच्या कापड कारखान्यात जागा मिळत होती. ताई अंगणवाडीत. घरी म्हातारी सासू, दोन मुलं, थोडी भाताची शेती. सगळ्यांनी सुरतेला जायचं की नाही, हा प्रश्न.

सुरुवात करण्याआधी: प्रश्न पारखीचा आहे का?

पुष्कळ प्रश्न पारखीचे नसतातच. उसने घेतलेले पैसे परत करावेत का, खोटा दाखला जोडावा का, रुसलेल्या भावाशी बोलावं का, यावर उपास-प्रार्थना करायची गरज नाही. पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, ते आधीच सांगून ठेवलंय. अशा ठिकाणी "मी अजून प्रार्थना करतोय" म्हणणं म्हणजे आज्ञा टाळणं.

काही प्रश्न अगदीच साधे असतात. भाजी कुठली करायची, बस सकाळची घ्यायची की दुपारची. देवाने डोकं दिलंय, ते वापरावं.

पारख लागते ती दोन्ही वाटा चुकीच्या नसताना. नोकरी, लग्न, स्थलांतर, मंडळीतली (चर्चमधली) जबाबदारी, कुणाला जामीन राहायचं की नाही, वडिलांना आपल्याकडे आणायचं की गावीच ठेवायचं, असे ते प्रश्न.

सावधान: घरात मारहाण होत असेल तर "सहन करावं ही देवाची इच्छा आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागी जा, आपलं म्हणावं अशा माणसाला सांगा. बाकीचं त्यानंतर.

पूर्वतयारी: रोजची दहा मिनिटं

इथेच सगळ्यांत जास्त घाई होते, म्हणून इथे थोडं थांबते. इब्री लोकांस पत्राच्या 5व्या अध्यायात म्हटलंय की, चांगलं-वाईट ओळखण्याची ताकद वहिवाटीने, म्हणजे सरावाने येते. सहा महिने वचन उघडायचं नाही आणि मुलीचं स्थळ आलं की एका रात्रीत देवाचा आवाज ओळखायचा, हे जमत नाही. आईची हाक गर्दीतही ओळखू येते, कारण ती रोज ऐकलेली असते.

एक साधी शंभर पानी वही घ्या. रोज झोपण्याआधी दहा मिनिटं बसा आणि तीन गोष्टी लिहा. आज मन कुठे देवाकडे वळलं? कुठे आक्रसलं? उद्या कुणाकडे जायला हवं? उत्तरं दोन-तीन ओळींचीच असू द्या. लांबलचक लिहायला गेलात तर आठवड्यात सुटेल.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. "मंगळवार. नळाला पाणी आलं नाही, सुनेवर ओरडले. दुपारी तिने न सांगता चहा आणून दिला. माफी मागायची राहिली." यात मोठं काही नाही. पण तीन आठवड्यांनी मागची पानं चाळली तेव्हा एक गोष्ट चार-पाच वेळा दिसली. कुणी वडीलधारं किंवा पुढारी माणूस जोरात बोललं की मला पटत नसलं तरी मी गप्प बसते आणि त्याला नम्रता म्हणते. हे मला कुणी दाखवलं नव्हतं, वहीने दाखवलं. पुढे सहाव्या पायरीवर सांगेन की तो स्वभाव आधीच कळला असता तर काय वाचलं असतं.

तपासा: निदान तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या का? निर्णय तातडीचा असेल तर थांबू नका, पण आजच सुरू करा.

पायरी 1: प्रश्न एका वाक्यात लिहा

"देवा, माझ्या भविष्याचं काय?" हा प्रश्न नाही, ती काळजी आहे. प्रश्नात कोण, काय आणि कधीपर्यंत, हे तिन्ही यायला हवं. आमच्या जोडप्याने लिहिलं: "जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी आम्ही चौघांनी सुरतेला राहायला जावं का?" लिहिताक्षणी ताईंच्या लक्षात आलं की 'चौघांनी' म्हणताना सासू मोजलीच नव्हती.

पायरी 2: मनाचा कल आधी कबूल करा

आपण देवासमोर बसतो तेव्हा मन कोऱ्या पाटीसारखं नसतं. ते आधीच एका बाजूला झुकलेलं असतं. ते झुकणं लपवलं की पुढच्या प्रत्येक पायरीत ते गुपचूप काम करतं. मग हवं तेच वचन डोळ्यात भरतं आणि हवा तोच सल्ला लक्षात राहतो.

क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने काय केलं ते बघा. हा प्याला माझ्यापासून दूर कर, ही स्वतःची इच्छा त्याने आधी स्पष्ट बोलून दाखवली आणि मग पित्याच्या हाती दिली. आपण मात्र पहिला भाग गिळतो आणि "तुझी इच्छा होवो" एवढंच तोंडाने म्हणतो.

वहीत लिहा: "मला हे हवंय, कारण..." आणि "मला याची भीती वाटते, कारण..." कारणं खरी लिहा, चांगली दिसणारी नकोत. भाऊंनी पहिल्यांदा लिहिलं, मुलांच्या शिक्षणासाठी. दोन दिवसांनी खाली भर घातली: "चुलतभाऊ सुरतेत राहून गाडी घेऊन आला, तेव्हापासून मला गावात लाज वाटते." त्यांनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा आवाज जड झाला होता. पारख खरी सुरू झाली ती त्या ओळीपासून.

मग स्वतःला विचारा: देव 'नको' म्हणाला तर मी ते ऐकीन का? उत्तर 'नाही' असेल तर आत्ता प्रश्न विचारू नका. आधी मन मोकळं होण्यासाठी प्रार्थना करा, मग त्याला एक दिवस लागो की पंधरा.

सावधान: एकदा उत्तर मिळाल्यावर जास्त मान, जास्त पैसा आला म्हणून तोच प्रश्न पुन्हा घेऊन जाऊ नका. गणना 22मध्ये बलाम नावाच्या द्रष्ट्याने हेच केलं. देवाने 'जाऊ नकोस' असं स्पष्ट सांगितलेलं होतं. राजाकडून आधीच्यापेक्षा मोठे सरदार बोलवायला आले आणि तो पुन्हा विचारायला गेला.

पायरी 3: माहिती गोळा करा

ही पायरी 'आत्मिक' वाटत नाही म्हणून लोक गाळतात. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा दाखला खुद्द प्रभूने दिला आहे (लूक 14). ऐकून घेण्याआधी उत्तर देणारा मूर्ख ठरतो, असं नीतिसूत्रे 18 सांगतं.

पगार हातात किती येईल, खोलीचं भाडं, डिपॉझिट, रविवारी सुट्टी आहे का, पाळी किती तासांची, मुलांना मराठी माध्यम मिळेल का (सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण खोलीपासून किती लांब?), सासूच्या औषधपाण्याचं कोण बघेल, शेत कोण कसेल. हे सगळं तिथे आधीपासून राहणाऱ्या दोघांना विचारा. नेणाऱ्या मुकादमाला किंवा दलालाला एकट्याला विचारू नका.

तपासा: "तिथे गेल्यावर बघू" असं कितीदा म्हणालात? दोनपेक्षा जास्त असेल तर माहिती अजून अपुरी आहे.

पायरी 4: वचनाच्या कसाला लावा

जळगावच्या सराफाकडे जुन्या पद्धतीने सोनं तपासताना कधी पाहिलंय का? तो बांगडी काळ्या कसोटीवर घासतो, एक बारीक पिवळी रेघ उमटते. पण नुसती ती रेघ बघून तो बोलत नाही. शेजारी माहितीच्या कसाच्या सुईची दुसरी रेघ ओढतो, दोन्हींवर तेजाब लावतो आणि कुठली रेघ आधी फिकी पडते ते बघतो. नव्या करारात 'पारख करा' यासाठी जो मूळ ग्रीक शब्द येतो, तो धातू आणि नाणी तपासण्यासाठीही वापरला जायचा.

आपल्या मनातला विचार म्हणजे बांगडीची रेघ. शेजारी ओढायची रेघ म्हणजे पवित्र शास्त्रातून कळलेला देवाचा स्वभाव. ती रेघच नसेल तर तुलना कशाशी करणार?

म्हणून एक-एक ओळ उचलू नका, अख्खा अध्याय वाचा. कोणी कोणाला म्हटलं, कुठल्या परिस्थितीत म्हटलं, त्याच्या मागे-पुढे काय आहे, एवढं विचारा. यिर्मया 29:11 हे वचन आमच्याकडे नोकरीच्या प्रत्येक प्रार्थनेत वाचतात: तुमच्या हिताचे संकल्प, भविष्याची आशा. ते पत्र बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलं होतं. त्याच अध्यायात 10व्या वचनात 70 वर्षं थांबायला सांगितलंय आणि त्याआधी म्हटलंय की घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा. भाऊंनी अध्याय पहिल्यांदा पूर्ण वाचला. म्हणाले, "यात तर लवकर सुटका नाहीच सांगितलेली."

सावधान: डोळे मिटून बोट ठेवायचं, किंवा नवीन वर्षाच्या उपासनेत निघालेल्या वचनाच्या चिठ्ठीवर घर विकायचं ठरवायचं, हे करू नका. ती चिठ्ठी वर्षभर मनन करायला चांगली आहे. तिला निर्णयाचा कागद बनवलं की ते दाणे टाकून भविष्य पाहण्यासारखं होतं. आणि वचन तोंडपाठ असणं हीही पारख नव्हे. मत्तय 4मध्ये सैतानानेही 91वं स्तोत्र म्हणून दाखवलं.

पायरी 5: मनात काय हलतं ते पाहा

सात दिवस 'जायचं ठरलं' असं धरून जगा. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा. पुढचे सात दिवस 'जायचं नाही' असं धरा. या चौदा दिवसांत कुणाला काही कळवू नका, पैसे देऊ नका.

बघायचं काय? बहुतेक जण म्हणतात, "शांती वाटते का ते बघायचं." इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. शांती वेगळी आणि सुटल्यासारखं वाटणं वेगळं. योना संदेष्टा देवाच्या आज्ञेपासून पळून चालला होता, तरी जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. आणि गेथशेमाने बागेत, पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यावर, प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. झोप लागली म्हणजे होकार आणि छातीत धडधडलं म्हणजे नकार, असा हिशेब मांडू नका.

त्यापेक्षा फळ बघा. गलतीकरांस 5 आणि याकोब 3:17 शेजारी उघडे ठेवा. त्या सात दिवसांत मी घरच्यांशी सौम्य होते की तिरसट? दुसऱ्याचं ऐकून घेत होते का? लपवावंसं काही वाटलं का? प्रार्थनेला बसावंसं वाटलं की टाळावंसं? सुटकेचा आनंद जोरात येतो आणि दोन दिवसांत विरतो, मागे चिडचिड ठेवतो. देवाची शांती भीतीच्या सोबतही राहू शकते. ती आली की माणूस इतरांसाठी मोकळा होतो.

ताईंच्या 'जायचं' आठवड्यातल्या नोंदी उत्साहाच्या होत्या, पण पाचव्या दिवशी लिहिलं होतं: "आईंना अजून सांगितलं नाही. त्या समोर आल्या की मी विषय बदलते." 'नाही' आठवड्यात भाऊ गप्प गप्प होते, पण भांडण एकही नाही.

आणखी एक नियम. इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या संताने तो सांगितला, पण तो कुठल्याही मंडळीतल्या माणसाला उपयोगी आहे: मन कोरडं, उदास पडलेलं असताना आधी नीट घेतलेला निर्णय बदलू नये. ताप, परीक्षेचा निकाल, घरातलं मरण, कर्जवाल्याचा फोन, अशा दिवसांत फक्त लिहून ठेवा.

तपासा: दोन्ही आठवड्यांच्या नोंदी समोरासमोर ठेवून वाचल्या का? आठवणीवर विसंबू नका, ती कलाच्या बाजूने बोलते.

पायरी 6: दोघातिघांपुढे मांडा

माणसं आधी ठरवून ठेवा. एक, जिला तुमच्या निर्णयातून काही फायदा-तोटा नाही. दोन, जो तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणू शकतो. तीन, तुमच्या पाळकांपैकी किंवा मंडळीच्या वडिलांपैकी एक. ज्यांच्यावर परिणाम होणार आहे ती माणसं, म्हणजे नवरा, बायको, सासू, मोठी झालेली मुलं, ही याशिवाय. त्यांना सल्लागार म्हणून नव्हे, हक्काने विचारायचं.

त्यांना सगळं सांगा, दुसऱ्या पायरीवरची लाजेची ओळसुद्धा. आणि "देवाने मला सांगितलंय" या शब्दांनी सुरुवात करू नका. ते ऐकलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. "मला असं वाटतंय, तुम्हाला काय दिसतं?" असं विचारा. आमच्या एक आजी अहिराणीत एवढंच म्हणायच्या, "मन्हं राहू दे, तुले काय वाटस?" आणि मग बराच वेळ गप्प बसायच्या.

दुसरीकडून संदेश आला तर? कुणी येऊन म्हणालं, "प्रभूने मला तुझ्याविषयी दाखवलं," तर तो तुच्छ मानू नका आणि लगेच उचलूही नका. 1 करिंथकरांस 14:29प्रमाणे संदेश देणाऱ्याने बोलावं आणि इतरांनी तो पारखावा. 1 राजे 13मध्ये एका देवमाणसाने म्हाताऱ्या संदेष्ट्याच्या शब्दावर विसंबून, देवाने त्याला स्वतःला दिलेली स्पष्ट आज्ञा मोडली आणि त्यात जीव गमावला.

आता ती गोष्ट. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने आमच्या सभेत माझ्या शेजारच्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं की तिची शुगर गेली, इन्सुलिन घेणं म्हणजे अविश्वास. सगळे हालेलुया म्हणाले. माझ्या पोटात खड्डा पडला होता. पण पाहुणा माणूस, भर सभा, मी कोण बोलणारी, म्हणून मी ती चुळबुळ दाबली. चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात वेळेवर पोहोचलो, ती वाचली. प्रचारक पुढच्या गावी गेलेला होता.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे आणि तो मी सभेत उभी राहून सांगते. औषध, इन्सुलिन, टीबीच्या गोळ्या, मानसिक आजाराचा इलाज हे कुठल्याही संदेशावरून बंद करायचं नाही. बरं केलं असेल तर ते तपासणीत दिसेल आणि डॉक्टरच औषध कमी करतील. प्रभूनेही बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला, बरं झाल्याचं ठरवणाऱ्या याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं होतं.

सावधान: संदेशासोबत पैसे, गुप्तता किंवा घाई आली ("आजच ठरव", "पाळकांना सांगू नको", "बी पेर" म्हणजे देणगी दे) तर तिथेच थांबा.

पायरी 7: मागे फिरता येईल असं लहान पाऊल टाका

नवापूरच्या स्टेशनावर महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द फलाटावरूनच जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. त्या बाकावर बसून या दोघांनी ठरवलं की परीक्षा संपल्यावर भाऊंनी एकट्याने सहा आठवडे जायचं. शेत विकायचं नाही, अंगणवाडीचा राजीनामा द्यायचा नाही, मुलांचे दाखले काढायचे नाहीत.

लहान पाऊल ही देवाची परीक्षा घेणं नव्हे. रात्री जमिनीवर ठेवलेली लोकर सकाळी दवाने भिजलेली मिळावी, अशी खूण गिदोनाने देवाकडे मागितली होती; त्या लोकरीचं उदाहरण देऊन लोक देवाला अटी घालतात: "उद्या अमुक फोन आला तर समजेन." गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं, लोकर ही त्याची घाबरगुंडी होती आणि देवाने ती सांभाळून घेतली. तिचा नियम बनवू नका.

तपासा: पाऊल चुकलं तर किती पैशांत आणि किती दिवसांत परत येता येईल, हे वहीत लिहिलंय का?

पायरी 8: ठरवा, तारीख घाला, पुन्हा पाहा

लहान पावलानंतर ठरवाच. शंभर टक्के खात्रीची वाट बघू नका, ती बहुधा येत नाही. निर्णय, तो घेण्याची तीन कारणं आणि पुन्हा बसण्याची तारीख लिहा. प्रार्थना करून वही मिटा. अधल्या-मधल्या दिवशी रोज तोच विषय उकरू नका.

त्या तारखेला बसाल तेव्हा 'पैसा वाढला का' एवढंच बघू नका. अडचण आली म्हणजे निर्णय चुकला असं होत नाही, आणि सगळं सुरळीत चाललंय म्हणजे बरोबर होता असंही नाही. पाचव्या पायरीचे प्रश्नच पुन्हा विचारा. चूक दिसली तर तिचं नाव घ्या, ज्यांना त्रास झाला त्यांची माफी मागा आणि पहिल्या पायरीवर परत या. "देवाने फसवलं" असं म्हणण्याआधी वहीत बघा, कुठली पायरी गाळली होती.

भाऊंना सहा आठवड्यांत कळलं की पाळी बारा तासांची आहे आणि रविवार महिन्यातून दोनच मिळतात. त्यांनी नाताळापर्यंत एकट्याने राहायचं ठरवलं, ताई-मुलं घरीच. नाताळच्या आठवड्यात सासूला मध्ये बसवून तिघांनी वही उघडली. जुना प्रश्न खोडून ताईंनी खाली नवा लिहिला: "भाऊंनी नवापुरातच दुरुस्तीचं दुकान टाकावं का? मार्चपर्यंत." या वेळी विचारायच्या माणसांत आईंचं नाव पहिल्या ओळीत होतं.